घरामागच्या उतारावर जोडलेली अंगणे: एकच मोठा भराव की टप्प्याटप्प्यांचे गडगे?

मागीलदार यांचा प्रश्न:

राजापूर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. निवृत्तीनंतर मी आणि पत्नी मुंबईहून तेथे कायमचे राहायला जाणार असून आई अगोदरपासूनच तेथे राहते. घराची पुढची बाजू सपाट आहे. ओटी, खळे, तुळस सर्व व्यवस्थित आहे. प्रश्न आहे तो मागील बाजूचा. स्वयंपाकघराच्या दारापासून जमीन लगेच उतरू लागते आणि सुमारे अठरा मीटर अंतरात तीन मीटर साठ सेंटिमीटर खाली जाते. रुंदी पंधरा मीटर आहे. तळाशी आमची विहीर आणि तिच्यापलीकडे पऱ्या आहे, जो पावसाळ्यात भरून वाहतो आणि डिसेंबरनंतर कोरडा पडतो. दारापासून साडेसात मीटरवर, उजव्या अंगाला, आजोबांनी लावलेला आंबा आहे. उतार पश्चिमेकडे आहे.

आमची अपेक्षा फार मोठी नाही. स्वयंपाकघराला लागून बसण्या-जेवणाची जागा, आंब्याच्या सावलीत चार पाहुणे बसतील असा एक कट्टा, त्याखाली भाजीचे वाफे आणि तेथून विहिरीपर्यंत नीट चालत जाता येईल अशी वाट, एवढे हवे आहे. या जागा सुट्या तुकड्यांसारख्या न वाटता एकमेकींत उघडत गेल्या पाहिजेत, असे पत्नीचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिला पायऱ्या शक्यतो टाळायच्या आहेत.

ज्या ठेकेदाराला जागा दाखवली त्याचे मत असे, की तळाशी बारा फूट उंचीची चिऱ्याची (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची) भिंत बांधावी, मागे भराव टाकून सगळे एका पातळीत आणावे आणि वर फरशी करावी. जेसीबी लावला तर काम एका महिन्यात उरकेल. हे ऐकायला सोपे आहे, तरी मन घेत नाही. या विषयातील जाणकारांनी आणि अशा जागेत प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे.

बांधभिंत यांचा प्रतिसाद:

मी स्थापत्य अभियंता आहे आणि कोकणात घरांची व संरक्षक भिंतींची कामे करतो. आपले मन घेत नाही ते योग्यच आहे. या भरावाचा हिशेब प्रथम करून पाहू. अठरा गुणिले पंधरा मीटर जागा आणि सरासरी खोली एक मीटर ऐंशी सेंटिमीटर धरली, तर भराव सुमारे ४८६ घनमीटर, म्हणजे १७० ब्रासहून अधिक होतो. एवढी माती बाहेरून आणावी लागेल, ती दाबून बसवावी लागेल, आणि आपला आंबा तिच्यात कमरेच्या वर गाडला जाईल. बुंध्याभोवती भराव पडला की मुळांना हवा मिळत नाही आणि मोठे झाड दोन-चार वर्षांत वाळत जाते. या एकाच कारणासाठीही मी तो प्रस्ताव नाकारला असता.

दुसरे कारण भिंतीचे. भिंतीवरचा पाण्याचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे अनेक ठेकेदार लक्षात घेत नाहीत. भिंतीमागे पाणी तुंबून वरपर्यंत आले, तर एक मीटर वीस सेंटिमीटर उंचीच्या भिंतीवर दर धावत्या मीटरला सुमारे पाऊण टन रेटा येतो. तीच भिंत तीन मीटर साठ सेंटिमीटरची केली, तर तो साडेसहा टनांच्या जवळ जातो. उंची तिप्पट झाली आणि रेटा नऊपट झाला. मातीचा स्वतःचा दाब वेगळाच. नुसत्या चिऱ्याच्या बांधकामाने हे पेलणे शक्य नाही; तेथे आरसीसी भिंत लागेल आणि तिचा खर्च भरावापेक्षाही जास्त होईल.

म्हणून उताराचे लहान टप्पे करावेत आणि प्रत्येक भिंत कमरेच्या आसपास ठेवावी. आपल्या मापांवरून मी असे सुचवीन: पहिला टप्पा घराच्या पातळीपेक्षा तीस सेंटिमीटर खाली आणि पाच मीटर खोल, त्याच्या कडेला एक मीटर वीस सेंटिमीटरची भिंत, मग दुसरा टप्पा दीड मीटर खालच्या पातळीवर, तोही पाच मीटरचा, त्यानंतर नव्वद सेंटिमीटरचा गडगा (दगड रचून केलेली बुटकी भिंत) आणि भाजीच्या वाफ्यांचा तिसरा टप्पा चार मीटरचा. शेवटचे चार मीटर, म्हणजे विहिरीकडचा भाग, आहे तसा उतारावर सोडावा. दुसऱ्या टप्प्याची पातळी मी मनाने ठरवलेली नाही. आपला उतार सरासरी पाचास एक (दर पाच मीटरला एक मीटर) आहे, म्हणजे साडेसात मीटरवर आंब्याच्या बुंध्याची जमीन दीड मीटर खाली येते. तीच पातळी त्या टप्प्याची ठेवली की झाडाशी माती वरही चढत नाही आणि खालीही जात नाही. तरीसुद्धा बुंध्यापासून निदान तीन मीटरच्या आत खोदाई करू नये. वरची भिंत आंब्यासमोर थोडी घराकडे वळवून घ्यावी. पहिला टप्पा तेथे एखादा मीटर अरुंद होईल, पण झाड वाचेल आणि सरळसोट भिंतीपेक्षा ती वळणदार कड डोळ्यांनाही बरी दिसेल.

या रचनेत माती बाहेरून फारशी आणावी लागत नाही, कारण टप्प्याच्या वरच्या अर्ध्या भागातील खोदलेली माती खालच्या अर्ध्या भागात भरता येते. पहिल्या टप्प्याला मात्र भरच लागेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांत माती उरली तर ती येथे घ्यावी आणि कमी पडेल तेवढा मुरूम आणावा. भर पंधरा ते वीस सेंटिमीटरच्या थरांत टाकावी, प्रत्येक थर ओला करून धुमसाने ठोकावा, आणि त्यावर फरशी लगेच करू नये. एक पावसाळा जाऊ द्यावा. खोदण्यापूर्वी वरची काळसर माती वेगळी काढून झाकून ठेवावी, कारण वाफ्यांसाठी तिच्यासारखी दुसरी माती मिळणार नाही.

जेसीबी आणण्याआधी उतारावर दोन ठिकाणी माणसांकडून दोन मीटर खोल खड्डे घेऊन आतील थर पाहावेत. आपल्याकडे जांभ्याच्या कठीण थराखाली पुष्कळदा पांढरट-पिवळसर, मऊ चिकणमाती असते. ती कोरडी असताना खणायला कठीण वाटते, पण भिजली की तिची पकड सुटते आणि वरचा जांभा तिच्यावरून सरकू शकतो. तो थर भिंतीच्या पायाजवळ लागला, तर मी वर दिलेली मापे बाजूला ठेवावीत आणि प्रत्यक्ष जागेवर अभियंत्याला बोलवावे.

आगरातून यांचा प्रतिसाद:

आमचे घर गुहागरकडे आहे आणि मागील बाजूला असाच, किंबहुना याहून थोडा अधिक, उतार आहे. वरील अभियंत्यांनी भिंतींचे सांगितले आहे, म्हणून मी तेथे राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने लिहिते.

पहिली गोष्ट अशी, की उतारावर जितके टप्पे करावेत तितका वापर खाली खाली कमी होत जातो. चहाचा कप, वाळत घालायचे कपडे, निवडायची भाजी, धुवायची भांडी हे सर्व स्वयंपाकघरातून निघते आणि तेथेच परत येते. त्यामुळे दाराला लागून असलेला टप्पा सढळ हाताने मोठा ठेवावा आणि खालचे लहान करावेत. पाच मीटर खोली मला कमी वाटत नाही, परंतु त्यात न्हाणीचे पाणी, कपड्यांची दोरी, गॅसचे सिलिंडर, पाण्याची टाकी असे सगळे येऊन बसते, आणि मग बसायला जागा उरत नाही. या वस्तूंचे ठिकाण नकाशावरच एका बाजूला, शक्यतो उत्तरेला, ठरवून टाकावे.

दुसरी गोष्ट पावसाची. आपला उतार पश्चिमेकडे आहे, म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडून येणारा तिरका पाऊस थेट अंगावर येणार. स्वयंपाकघराचे छप्पर पुढे ओढून निदान अडीच मीटरची पडवी केल्याशिवाय ती जागा चार महिने वापरता येणार नाही. पडवीच्या पश्चिम बाजूला खाली उतरवता येणारे झाप किंवा ताडपत्री असावी. उरलेल्या अडीच मीटरवर कायमचे पत्रे घालू नयेत. दिवाळीनंतर तेथे बांबूचा मांडव घालावा, त्यावर झावळ्या टाकाव्यात आणि मे महिन्याच्या शेवटी उतरवाव्यात. आमच्याकडे वर्षानुवर्षे तसेच चालते आणि उन्हाळ्यातली दुपारची पश्चिमेची झळ त्याने सुसह्य होते.

तिसरी गोष्ट आंब्याखालच्या कट्ट्याची, आणि येथे मी आपल्याला थोडे निराश करणार आहे. आंब्याखाली बसणे डिसेंबरपर्यंत सुखाचे असते. पुढे मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकट स्राव पानांवरून खाली पडतो, त्याने कट्टा आणि फरशी चिकटून काळी पडते. त्यातच फवारणी करणार असाल तर त्या दिवसांत तेथे बसू नये. एप्रिल-मेमध्ये फळे पडतात आणि हुमल्यांची (झाडावरच्या चावऱ्या लाल मुंग्यांची) घरटी असली तर त्याहून त्रास. म्हणून कट्टा अगदी बुंध्याला धरून न करता फांद्यांच्या कडेला, जेथे दुपारनंतर सावली सरकते तेथे, करावा. बुंध्याभोवती गोल पार बांधण्याचा मोहही टाळावा. त्यात माती भरली की अभियंत्यांनी सांगितलेलाच प्रश्न उभा राहतो.

आणखी एक, जे नकाशात दिसत नाही. सुक्या गडग्याच्या फटींत सरडे, विंचू आणि आपल्या भागात प्रामुख्याने फुरसे हा विषारी साप राहतो. भाजीच्या वाफ्यांचा गडगा सुका असला तर चालेल, तेथे आपण पायात काहीतरी घालून आणि दिवसा जातो. पण जेथे माणसे संध्याकाळी पाय खाली सोडून बसणार, तेथील भिंतीच्या फटी चुन्याने किंवा सिमेंटने भरून घ्याव्यात आणि पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या नळ्यांच्या तोंडांना बारीक जाळी लावावी. पायऱ्यांवरचे दिवे डोक्यावर न लावता गुडघ्याच्या उंचीवर लावावेत, म्हणजे पाऊल कोठे पडते आहे ते दिसते आणि किडे जेवणाच्या ताटावर येत नाहीत.

लाकूडकाम यांचा प्रतिसाद:

मला या चर्चेत एक वेगळा पर्याय मांडावासा वाटतो. उतार खणायचाच कशाला? दारापासून पाच मीटरपर्यंत लोखंडी खांबांवर उचललेला लाकडी किंवा लोखंडी चौथरा केला, तर खालची जमीन, पाण्याचा मूळ प्रवाह आणि आंब्याची मुळे या कशालाही धक्का लागत नाही. कडेला जमिनीपासूनची उंची जेमतेम एक मीटरच्या आत राहील. खालच्या जागेत जळाऊ लाकूड, नारळ, अवजारे ठेवता येतात. डोंगराळ भागातील अनेक नव्या घरांत हीच पद्धत वापरलेली दिसते. उंच-सखल जागेत घरातील जमीन सलग बाहेर गेल्याचा जो भास होतो, तो चिऱ्याच्या भरावाने साधत नाही.

बांधभिंत यांचा प्रतिसाद:

जमिनीला धक्का न लावण्याचा आपला मुद्दा मला तत्त्वतः मान्य आहे आणि मोठ्या, अवघड उतारावर मी स्वतः हाच पर्याय निवडतो. येथे मात्र तीन अडचणी दिसतात. चार महिने ओली हवा, समुद्राकडून येणारे खारे वारे आणि वाळवी या तिन्हींच्या पुढे साधे लाकूड टिकत नाही. सागवान किंवा किंजळ वापरले तरी दरवर्षी तेल देणे आले. लोखंडाला गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा मुलामा) करून घेतले तरी वेल्डिंगच्या जागा गंजतात. आणि त्या चौथऱ्याखालची एक मीटर उंचीची अंधारी, दमट जागा, जेथे वाकून गेल्याशिवाय झाडता येत नाही, ती फुरशासाठी आदर्श ठरेल; त्याविषयी वर ताईंनी लिहिलेच आहे. येथे उंची कमी आहे, चिरा जवळच्या खाणीवर मिळतो आणि गावातील गवंड्याला तो हाताळता येतो, म्हणून मी भिंतीच्या बाजूने आहे. फक्त आंब्यासमोरच्या वळणात, जेथे मुळांमुळे पाया खणता येत नाही, तेथे दीड-दोन मीटरचा लहान चौथरा चार खांबांवर पुढे काढण्याची आपली कल्पना उत्तम बसेल.

आता पाण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण या कामाचे यश जवळजवळ सर्वस्वी त्यावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे एका गुंठ्यावर पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी. पण रचना सरासरीवर करायची नसते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण, खेड, महाड या पट्ट्यात जो पाऊस झाला तो आठवावा. तासाला शंभर मिलिमीटरची एक सर धरली, तर एका गुंठ्यावरून तासाभरात दहा हजार लिटर पाणी निघते; आपली मागील जागा जवळजवळ पावणेतीन गुंठे आहे आणि घराच्या मागच्या छपराच्या पागोळ्या त्यात आणखी भर घालणार.

म्हणून क्रम असा ठेवावा. छपराच्या पन्हाळीचे पाणी नळातून थेट बाजूच्या गटारात न्यावे, ते पहिल्या टप्प्यावर पडूच देऊ नये. पहिल्या टप्प्याला घरापासून बाहेरच्या बाजूस दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार द्यावा. परंतु ते पाणी भिंतीच्या मागे मुरण्याआधीच कडेच्या उथळ पन्हळीत पकडावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांत वरच्या भिंतीच्या पायथ्यापासून हातभर अंतरावर पक्के गटार घ्यावे. ही सगळी आडवी गटारे दर मीटरला एक सेंटिमीटर उताराने प्लॉटच्या एकाच बाजूला न्यावीत आणि तेथून पाणी दगडी पायऱ्यांच्या उतरत्या गटाराने खाली सोडावे, जेणेकरून त्याचा वेग प्रत्येक पायरीवर मोडेल. पऱ्याला मिळण्याआधी दोन मीटर भागात मोठे दगड रचून ठेवावेत, अन्यथा तेथेच घळ पडायला सुरुवात होईल.

भिंतीच्या मागे किमान तीस सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर, त्याच्या आणि मातीच्या मध्ये पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड, आणि भिंतीत दीड मीटर अंतराने तीन इंची पाइप, बाहेरच्या बाजूस किंचित उतरते. भिंत मातीकडे झुकलेली असावी, सहास एक या प्रमाणात. पाया खालच्या जमिनीखाली निदान पंचेचाळीस सेंटिमीटर जावा, आणि तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नसावी. पहिले दोन थर काळ्या दगडाचे घ्यावेत. चिरा हवेत सुकून कठीण होतो हे खरे, पण सतत ओला राहिला तर त्याची धार झिजते.

भाजीच्या टप्प्याच्या खाली जो चाळीस सेंटिमीटरचा मातीचा उतार राहील, त्यावर वाळा लावावा. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंत जातात आणि वाफ्यातील पिकाशी झगडत नाहीत. जागेवरच्या गवताने सुरुवातीचा पाऊस निभावतो, पण माती धरायला त्याची मुळे पुरेशी खोल नसतात. भिंतीच्या डोक्यावर किंवा पायथ्याशी वड-पिंपळाचे रोप उगवले तर ते पहिल्याच वर्षी उपटावे. नंतर ते निघत नाही, भिंतच निघते.

मागीलदार यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकाच भरावाचा विचार आम्ही सोडून दिला आहे. पत्नीने कागदावर तीन टप्पे आखून पाहिले आणि पहिला टप्पा तिने पाचऐवजी साडेपाच मीटर केला. भिंत त्यामुळे फारशी वाढत नाही असे दिसते. तीन शंका उरल्या आहेत. आईला पहिल्या टप्प्याच्या खाली नेता येईल असा रॅम्प शक्य आहे का? एक मीटर वीस सेंटिमीटरच्या भिंतीला रेलिंग लावले तर खालचे दृश्य आणि जोडलेपणा जातो, त्याला पर्याय काय? आणि घराचा शोषखड्डा सध्या स्वयंपाकघराच्या मागेच, म्हणजे नेमका पहिल्या टप्प्याच्या जागी आहे. तो तसाच ठेवून वर फरशी करू का?

बांधभिंत यांचा प्रतिसाद:

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ती सर्वांत गंभीर आहे. शोषखड्डा तेथे ठेवू नये. पिण्याच्या विहिरीपासून त्याचे अंतर किमान अठरा मीटर असावे असा दंडक आहे. आपल्याकडे तो विहिरीच्या वरच्या अंगाला आहे आणि मधली जमीन तिच्याकडेच उतरते, म्हणून अठरा मीटरदेखील मला पुरेसे वाटत नाहीत. शिवाय त्यातून झिरपणारे पाणी बारा महिने पहिल्या भिंतीच्या मागे जमा होईल. तो घराच्या पुढच्या किंवा बाजूच्या अंगाला हलवावा, जुना खड्डा पूर्ण उपसून, दगड-मुरमाने थराथराने ठोकून बुजवावा, आणि हे काम भिंतीचा पहिला चिरा लागण्यापूर्वी व्हावे.

रॅम्पचे गणित सोपे आहे. आधाराने चालणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी बारास एक यापेक्षा तीव्र उतार नसावा. घरातून पहिल्या टप्प्यावर उतरायला तीस सेंटिमीटर आहेत, म्हणजे तीन मीटर साठ सेंटिमीटरचा रॅम्प भिंतीला समांतर सहज बसतो. तो अवश्य करावा. पहिल्यावरून दुसऱ्यावर मात्र चौदा मीटरहून लांब रॅम्प लागेल, मध्ये विसाव्याची सपाट जागा वेगळी. प्लॉटची जवळजवळ सगळी रुंदी त्यात जाईल आणि दुसरा टप्पा नावापुरता उरेल. त्याऐवजी पायऱ्या मंद कराव्यात. घरातील सवयीच्या सतरा-अठरा सेंटिमीटर उंचीऐवजी येथे बारा सेंटिमीटर उंचीच्या आणि एकोणचाळीस सेंटिमीटर खोलीच्या दहा पायऱ्या घ्याव्यात, पाचव्या पायरीनंतर सव्वा मीटरचा चौक, आणि दोन्ही बाजूंना हाताला धरायला कठडा. पायरीची दुप्पट उंची आणि खोली यांची बेरीज साधारण त्रेसष्ट सेंटिमीटर आली की पाऊल अडखळत नाही. गावातील जुन्या पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा) बहुधा अशाच मंद असतात; डोक्यावर ओझे घेऊन चढणाऱ्यांसाठी त्या बांधलेल्या होत्या. चिऱ्याच्या पायरीवर पावसाळ्यात शेवाळ धरते, म्हणून पाऊल पडते तो भाग खडबडीत काळ्या दगडाचा घ्यावा.

पायऱ्या आंब्याच्या विरुद्ध, डाव्या बाजूला घ्याव्यात, आणि दुसऱ्या टप्प्यावरून तिसऱ्यावर उतरणाऱ्या पायऱ्या त्यांच्याच रेषेत न ठेवता मध्यावर सरकवाव्यात. दोन्ही एका ओळीत आल्या तर ती सरळ वाट होते, माणूस दुसऱ्या टप्प्याला स्पर्श न करता विहिरीवर पोहोचतो आणि पाणीही त्याच वाटेने धावते. खालचा गडगा नव्वद सेंटिमीटरचाच असल्याने तेथे सहा-सात पायऱ्या पुरतात.

साडेपाच मीटरचा पहिला टप्पा चालेल, पण भिंत पुढे सरकली की तिच्या पायथ्याची मूळ जमीन दहा सेंटिमीटर खाली जाते आणि भरही वाढते, एवढे धरून चालावे. आंब्यापासून अंतर कमी होते म्हणून उजव्या बाजूचे वळण त्या प्रमाणात खोल घ्यावे लागेल.

आगरातून यांचा प्रतिसाद:

रेलिंगविषयी मी सांगू का? आम्ही वरच्या भिंतीच्या डोक्यावर पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचा कट्टा केला आणि तो बसायलाच वापरतो. पण घरात लहान मुले येणार असतील तर नुसता कट्टा धोक्याचा ठरतो, कारण मूल त्याच्यावर चढते आणि पलीकडे सव्वा मीटरची खोली असते. कट्ट्याच्या पलीकडे साठ-सत्तर सेंटिमीटर रुंदीची मातीची पट्टी ठेवून त्यात अबोली, कर्दळ, गवती चहा अशी दाट रोपे लावली, तर पडण्याची कड माणसापासून दूर जाते. नजर मात्र रोपांवरून पुढे निघून जाते. तरीही पायऱ्यांच्या तोंडाशी आणि चौथऱ्याच्या कडेला, जेथे ही पट्टी ठेवता येत नाही, तेथे छातीपर्यंतचा कठडा हवाच.

जोडलेपणाबद्दल आपल्या पत्नीचे म्हणणे मला फार आवडले. आमच्याकडे तो रचनेपेक्षा एका साध्या गोष्टीने आला: स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रत्येक टप्प्याचा निदान एक कोपरा दिसतो. ओट्याशी उभे राहून कोण वाफ्यात आहे, कोण विहिरीवर गेले आहे ते कळते, हाक मारली की ऐकू जाते. त्यासाठी मधल्या टप्प्यावर उंच झुडपे न लावता ती बाजूंना लावली. आपण भिंती बांधण्यापूर्वी खिडकीत उभे राहून खाली बांबू रोवून पाहावेत आणि कट्ट्याची उंची त्यावरून ठरवावी.

आईंसाठी मात्र खालच्या टप्प्यांचा हट्ट धरू नये असे मला वाटते. त्यांना जे जे लागते, कढीपत्ता, गवती चहा, फुलांची चार झाडे, संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून बसायची जागा, ते सगळे पहिल्याच टप्प्यावर कट्ट्याच्या उंचीच्या वाफ्यांत करून द्यावे. वाकावे लागत नाही, त्यामुळे म्हातारी माणसे त्यात तासन्‌तास रमतात. माझ्या सासूबाई खालच्या आगरात कधी जात नाहीत, पण तेथे काय चालले आहे याची खडान्‌खडा माहिती त्यांना वरूनच असते.

लाकूडकाम यांचा प्रतिसाद:

लहान चौथऱ्याला जागा मिळाली याचा आनंद आहे. खांबांचे पाये खणताना अंगठ्याहून जाड मूळ लागले तर ते तोडू नये. खांब हातभर सरकवावा. म्हणून तुळया आधी कापून आणू नयेत, खांब उभे राहिल्यावर जागेवर माप घ्यावे. फळ्यांमध्ये आठ-दहा मिलिमीटर फट ठेवावी, नाहीतर आंब्याची पाने अडकून पाणी थांबते.

बांधभिंत यांचा प्रतिसाद:

कागदपत्रांविषयी दोन गोष्टी राहिल्या होत्या. खोदलेली माती किंवा मुरूम प्लॉटबाहेर न्यायचा किंवा बाहेरून आणायचा झाला, तर गौण खनिजाच्या परवानगीची चौकशी तहसील कार्यालयात आधी करावी. आणि आपल्या खालच्या अंगाला पऱ्यापलीकडे कोणाची जमीन असेल, तर त्यांना काम दाखवून ठेवावे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ प्रमाणे वरच्या जमिनीवरचे पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीवर वाहून जाऊ देणे खालच्या मालकावर बंधनकारक असते, पण आपण ते गटारांतून एकत्र करून एका तोंडाने सोडणार आहोत, आणि त्या संरक्षणाचा आधार तेथे धरता येईलच असे नाही.

वेळापत्रक असे बसवावे: परीक्षणाचे खड्डे आणि शोषखड्डा हलवणे दिवाळीनंतर लगेच, भिंती आणि गटारे मार्चअखेरपर्यंत, माती ठोकणे आणि वाळ्याची रोपे मेच्या मध्यापर्यंत. वाळ्याला पाऊस लागेपर्यंत विहिरीचे पाणी द्यावे लागेल. पहिल्या मोठ्या सरीच्या वेळी छत्री घेऊन स्वतः खाली जाऊन प्रत्येक पाइपमधून पाणी येते का ते पाहावे. जो पाइप कोरडा राहील त्याच्या मागे कापड किंवा खडी नीट बसलेली नाही असे समजावे आणि गवंड्याचा शेवटचा हप्ता तोपर्यंत राखून ठेवावा. फरशी पुढच्या वर्षी.